दुःखित मूल व त्याचा शिक्षक
(गांवच्या शाळांतील शिक्षक, उपदेशक व शब्बाथशाळेचे चालक यांजकरितां अभ्यासपाठ)



नेहमीं वेळेवर येणारा, पाढे न अडखळतां म्हणणारा एखादा मुलगा पंधरा दिवस शाळेंत दिसत नाहीं. सोळाव्या दिवशीं तो येतो, तेव्हां त्याच्या डोक्याचें मुंडन झालेलें असतें. वही पुढें उघडी असते, पण नजर खिडकीबाहेर. गुरुजींनीं दोनदां हांक मारली तरी उत्तर नाहीं; तिसऱ्यांदा आवाज चढविला कीं तो एकदम दचकतो व अंग चोरून घेतो. मधल्या सुटींत कोणाचा धक्का लागला तर दगड उचलतो. महिना जातो, आणि गुरुजी आपल्या सोबत्यांस सांगूं लागतात, "पोरगा हुशार होता, पण बिघडला."

या पाठांत आम्हांस एवढेंच दाखवावयाचें आहे कीं, तो मुलगा बिघडलेला नसून घायाळ झालेला आहे. अशा मुलास जें पहिलें औषध लागतें, म्हणजे दररोज तेंच प्रेमळ माणूस, तीच जागा व तोच क्रम, तें देणें गांवच्या साध्या शिक्षकाच्या हातीं आहे. त्यास मोठी पदवी लागत नाहीं व पैसाहि लागत नाहीं. लागतें तें ज्ञान व धीर.

१. हा घाव कोठून येतो

वाशीम जिल्ह्याच्या मालेगांव तालुक्यांतील किन्हीराजा हें गांव डोळ्यांपुढें ठेवून आम्ही हा पाठ लिहीत आहों. हें गांव व आसपासचीं खेडीं शेतीवर जगतात. पाऊस वेळेवर आला तर सोयाबीन व तूर पदरांत पडते. ऐन काढणीच्या वेळीं पाऊस कोसळला अगर बाजारभाव पडला, तर वर्षाची मेहनत जाते व कर्ज मात्र मागें राहतें. १ जुलै १९९८ रोजीं वाशीम जिल्हा अकोल्यापासून निराळा झाला. त्यानंतर आठच वर्षांनीं, २००६ सालीं, शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळें भारत सरकारनें विदर्भाच्या सहा जिल्ह्यांकरितां मदतीची खास योजना जाहीर केली. त्यांत अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा व वर्धा यांजबरोबर वाशीमचेंहि नांव होतें. त्या योजनेंत कर्जावरील व्याज, पाटबंधारे व बियाणें यांचा विचार झाला. परंतु ज्या घरचा कर्ता पुरुष गेला त्या घरचें मूल पुन्हां शाळेंत येऊन बसतें, तेव्हां त्याच्याशीं कसें वागावें, हा प्रश्न रोज गुरुजींपुढेंच उभा राहतो.

आत्महत्या हें एकच कारण आहे असें नव्हे. २०१७ च्या पावसाळ्यांत यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर औषध फवारतांना विषबाधा होऊन कित्येक शेतकरी व मजूर दगावले. २०२० व २०२१ सालीं करोनाच्या सांथींत पुष्कळ मुलांचे आई किंवा बाप गेले, आणि शाळा बंद असल्यामुळें त्यांचें दुःख कोणा शिक्षकाच्या दृष्टीसहि पडलें नाहीं. रस्त्यावरचा अपघात, पूर, घरास लागलेली आग, बापाचें दारू पिऊन आईस मारणें, आणि मुलाच्या स्वतःच्या शरीराशीं कोणी केलेला अत्याचार, हीं सर्व कारणें त्याच जातीचीं आहेत. ज्या प्रसंगीं मुलास वाटलें कीं आतां मी किंवा माझें माणूस वांचत नाहीं, व मला कांहींच करतां येत नाहीं, तो प्रसंग मनावर आघात करतो.

येथें एक सावधगिरी सांगितली पाहिजे. दुःख झालेलें प्रत्येक मूल घायाळ होतेंच असें नाहीं. पुष्कळ मुलें कांहीं आठवडे रडतात, घाबरतात, आणि घरच्या मायेनें हळूहळू सावरतात. म्हणून शिक्षकानें कोणावरहि रोगाचा शिक्का मारूं नये. त्यानें पाहावें, वाट पाहावी, आणि महिना उलटूनहि मूल सावरत नसेल तर पुढें सांगितल्याप्रमाणें मदत शोधावी.

२. तो ओळखावा कसा

मूल आपलें दुःख शब्दांनीं क्वचितच सांगतें. तें शरीरानें व वागण्यानें सांगतें. लहान मूल पुन्हां अंथरूण ओलें करूं लागतें, आईचा पदर सोडीत नाहीं, सुटलेलें बोट पुन्हां तोंडांत घालतें. खेळतांना तोच प्रसंग पुनःपुन्हां खेळतें. बाहुलीस निजवून पांढरें फडकें पांघरतें. मधल्या वयाचें मूल रोज पोट दुखतें, डोकें दुखतें म्हणून सांगतें, आणि वैद्यास कांहीं सांपडत नाहीं. त्यास झोंप लागत नाहीं, म्हणून तें वर्गांत पेंगतें. मोठा मुलगा चिडतो, मारामारी करतो, शाळा बुडवितो, किंवा "मला काय करायचें शिकून?" असें म्हणतो. मोठी मुलगी बहुधा उलट वागते. ती गप्प होते, घरचें सारें काम ओढते, आणि वर्गांत इतकी शहाण्यासारखी बसते कीं तिच्याकडे कोणाचें लक्षच जात नाहीं. हें गप्प मूल शिक्षकानें विशेष जपावें, कारण दगड उचलणारा मुलगा निदान आपल्याकडे पाहावयास तरी लावतो.

आणखी एक खूण आहे. एखाद्या आवाजानें, वासानें किंवा दिवसानें मूल अचानक बदलतें. ज्याचा बाप फवारणींत दगावला, त्यास शेजारच्या शेतांतून औषधाचा वास आला कीं मळमळतें. ज्याच्या अंगणांत एके दिवशीं अवचित माणसें जमलीं, तें शाळेच्या अंगणांत गर्दी दिसली कीं थरथरतें. बैल सजवावयास बाप नाहीं, म्हणून कोणाला पोळ्याचा सण सोसत नाहीं. शिक्षकानें असे दिवस व अशीं निमित्तें मनांत टिपून ठेवावीं.

३. असें कां होतें

आमच्याकडे पीक हाताशीं आलें म्हणजे रात्रीं जागलीस बसावें लागतें. समजा, एका रात्रीं रानडुकरानें जागल्यावर झडप घातली. दुसऱ्या रात्रीं तो माणूस पान हललें तरी काठी घेऊन उठेल. कोणी त्यास त्या वेळीं हिशेब विचारला तर त्यास तो सुचणार नाहीं. तो भित्रा झाला असें आपण म्हणत नाहीं. त्याचें सारें चित्त धोक्याकडे लागलें आहे, हें आपणांस समजतें.

घायाळ मुलाच्या डोक्यांत रात्रंदिवस अशीच जागल चालू असते. मेंदूचा एक भाग धोका ओळखून शरीरास सावध करतो. त्याबरोबर छाती धडधडते, श्वास भराभर चालतो, हातपाय पळावयास अगर लढावयास सिद्ध होतात. धोका टळल्यावर हा भाग शांत व्हावा अशी सृष्टीची योजना आहे. मोठ्या आघातानंतर तो लवकर शांत होत नाहीं, आणि तो जागा असेपर्यंत विचार करणारा व आठवण ठेवणारा भाग मागें पडतो. म्हणून कालपर्यंत येत असलेला पाढा आज येत नाहीं, हें सोंग नव्हे. अशा वेळीं ओरडणें म्हणजे जागल्याच्या पाठीमागें जाऊन आणखी एक आरोळी ठोकण्यासारखें आहे. मूल शांत झाल्यावांचून शिकत नाहीं, आणि आपण सुरक्षित आहों असें वाटल्यावांचून शांत होत नाहीं. या पाठाचा सर्व उपयोग या एका वाक्यांत आहे.

४. मागील अनुभव काय सांगतो

पंडिता रमाबाईंचें चरित्र आमच्या वाचकांस ठाऊक आहे. पण त्याकडे या दृष्टीनें पुन्हां पाहावें. १८७४ सालीं, सोळा वर्षांच्या वयांत, दुष्काळाच्या हालांत त्यांनीं आईबाप गमावले, आणि पाठोपाठ थोरली बहीणहि गेली. १८८६ ते १८८८ या काळांत अमेरिकेंत असतां त्यांनीं बालोद्यानाच्या पद्धतीचा, म्हणजे लहान मुलांस खेळ, गाणीं व हातकाम यांतून शिकविण्याचा, अभ्यास केला. १८९६-९७ च्या दुष्काळांत त्या मध्यप्रांतांत गेल्या व शेंकडों उपाशी, निराधार मुलींस घेऊन आल्या. केडगांवास त्यांची वसती झाली. १८९९-१९०० च्या दुष्काळानें वऱ्हाडासहि होरपळून काढलें, आणि तेव्हां गुजराथेंतून आलेल्या मुलींची त्या वसतींत भर पडली. त्या मुलींपुढें केवळ अन्न ठेवून रमाबाई थांबल्या नाहींत. वेळेवर उठणें, वेळेवर जेवणें, शाळा, विणकाम, छापखाना, शेत, असा दिवसाचा क्रम त्यांनीं लावून दिला. उद्यां काय होईल हें ज्या मुलीस कधींच ठाऊक नव्हतें, तिला उद्यां काय होईल हें ठाऊक झालें. हें दान भाकरीहून लहान नव्हतें.

दुसरा दाखला दुसऱ्या महायुद्धांतला आहे. लंडन शहरावर बाँब पडत असतां, १९४१ पासून, अँना फ्रॉइड व डोरोथी बर्लिंगहॅम या दोन बायांनीं लहान मुलांकरितां बालगृहें चालविलीं. त्यांस असें दिसून आलें कीं, जें मूल आईजवळ राहिलें तें बाँबच्या आवाजांतहि बऱ्याच अंशीं टिकलें, आणि जें सुरक्षित ठिकाणीं पण आईपासून तोडून ठेविलें, तें अधिक खंगलें. तेव्हां त्यांनीं मुलांचे लहान लहान गट केले व प्रत्येक गटास एकच परिचारिका आईसारखी नेमून दिली. असें केल्यावर मुलें त्या बाईस बिलगलीं, तिच्याकरितां भांडलीं, रडलीं. पण वाढूंहि लागलीं.

तिसरा दाखला आमच्या शेजारच्या मराठवाड्यांतला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपानें लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारों माणसें घरांतल्या घरांत गाडलीं गेलीं. त्यानंतर भारतीय जैन संघटनेनें भूकंपग्रस्त भागांतील सुमारे १२०० मुलांस पुण्यास नेऊन त्यांच्या राहण्याची व शिक्षणाची सोय केली. ज्यांस घरच उरलें नव्हतें त्यांस अशी स्थिर जागा मिळणें हें मोठें काम झालें. परंतु हे दोन दाखले एकत्र ठेवून आम्ही वाचकांस असें सुचवितों कीं, ज्या मुलाची आई किंवा आजी जिवंत आहे व सांभाळण्यास समर्थ आहे, त्यास दयेपोटीं लांबच्या वसतिगृहांत धाडण्याची घाई करूं नये. बाप गेला, आणि महिन्याभरांत आईहि दुरावली, असें मुलास वाटतें. मदत आधीं त्या घरास करावी. वसतिगृह हा शेवटचा उपाय असावा.

चौथा दाखला फार लांबचा आहे, पण त्यानें शिक्षकास धीर येईल. प्रशांत महासागरांतील कवाई नांवाच्या बेटावर १९५५ सालीं जन्मलेल्या ६९८ मुलांवर एमी वर्नर व त्यांच्या सोबत्यांनीं कित्येक वर्षें नजर ठेविली. त्यांतील पुष्कळ मुलें दारिद्र्य, भांडणें व आजार यांनीं ग्रासलेल्या घरांतलीं होतीं. तरी अशा मुलांपैकीं सुमारें एक तृतीयांश मुलें चांगलीं, कर्तीं माणसें झालीं. त्यांच्या आयुष्यांत एक गोष्ट वारंवार आढळली. निदान एक तरी वडीलधारें माणूस त्यांच्या पाठीशीं कायम उभें होतें. कोणाची आजी, कोणाचा शेजारी, आणि कित्येकांचा शिक्षक.

५. शिक्षकानें काय करावें

पहिली गोष्ट, मूल शाळेंत परत येण्यापूर्वीं शिक्षकानें त्याच्या घरीं जावें. उपदेश करावयास जाऊं नये. बसावें, पाणी घ्यावें, आईचें ऐकावें. मुलास काय सांगितलें आहे हें आईस विचारावें. पुष्कळ घरांत "बाबा गांवाला गेले" असें सांगतात. मूल सत्य दुसऱ्याच कोणाकडून, बहुधा भांडणांत, ऐकतें, आणि मग घरच्यांवरचाहि त्याचा विश्वास उडतो. बाप मेला, तो परत येणार नाहीं, आणि यांत तुझा कांहीं दोष नाहीं, हें साध्या शब्दांत आईनें सांगावें, असें तिला प्रेमानें सुचवावें. लहान मुलास पुष्कळदां वाटतें कीं, मी हट्ट केला, मी नवी वही मागितली, म्हणून असें झालें. हा समज काढून टाकणें अत्यंत अवश्य आहे.

दुसरी गोष्ट, वर्गास तयार करावें. मूल येण्याच्या आदल्या दिवशीं इतर मुलांस थोडक्यांत सांगावें कीं, आपल्या सोबत्याच्या घरीं दुःख झालें आहे; त्याला कोणी खोदून विचारूं नये, कोणी चिडवूं नये, खेळांत नेहमींसारखें घ्यावें. मुलें क्रूर होतात तीं बहुधा काय बोलावें हें न कळल्यामुळें.

तिसरी गोष्ट, पहिल्या दिवशीं दाराशीं उभें राहून त्याचें स्वागत करावें. "ये बाळ, तुझी जागा राखून ठेविली आहे," एवढें पुरे. ती जागा खरोखर राखलेली असावी. शक्य तर ती दाराकडे तोंड करून, भिंतीशीं पाठ लागेल अशी असावी. कोण आलें, कोण गेलें हें दिसलें म्हणजे जागल करणाऱ्या मनास विसावा मिळतो.

चौथी गोष्ट, दिवसाचा क्रम ठरलेला ठेवावा व तो फळ्यावर लिहावा. आज गुरुजी तालुक्यास जाणार असतील, पाहुणे येणार असतील, घंटा उशिरां होणार असेल, तर सकाळींच सांगावें. इतरांस जी लहानशी अडचण वाटते, तीच या मुलास पायाखालची जमीन सरकल्यासारखी वाटते.

पांचवी गोष्ट, त्यास एक लहानसें काम द्यावें: घंटा वाजविणें, खडू आणणें, झाडांस पाणी घालणें, धाकट्या वर्गांतील एखाद्या मुलास अक्षरें गिरवावयास शिकविणें. ज्याच्या हातांत कांहींच राहिलें नाहीं असें ज्यास वाटतें, त्याच्या हातांत कांहीं तरी आलें पाहिजे. अभ्यास बंद करूं नये. तो थोडा करावा. दहा गणितांऐवजीं तीन द्यावीं, आणि तीं बरोबर आलीं म्हणजे तसें सांगावें.

सहावी गोष्ट, मूल दचकलें किंवा चिडलें तर शिक्षकानें आपला आवाज खालीं आणावा, त्याच्या उंचीइतकें खालीं बसावें, व अंगास हात लावण्यापूर्वीं विचारावें. "तूं शाळेंत आहेस. मी तुझ्याजवळ आहें. पाय जमिनीवर टेक. हळूं श्वास घे," असें सांगावें. पाणी पिऊं द्यावें. एक ठराविक खूण आधींच ठरवावी: त्यानें हात असा ठेविला म्हणजे दोन मिनिटें बाहेर झाडाखालीं जाऊन यावें, व त्याबद्दल कोणी कांहीं विचारूं नये.

सातवी गोष्ट, तें बोलूं लागलें तर ऐकावें. काम बाजूस ठेवून ऐकावें, मध्यें बोलूं नये, "रडूं नकोस, तूं आतां घरचा मोठा पुरुष" असें म्हणूं नये. नऊ वर्षांचें मूल मोठा पुरुष नसतें. बोललें नाहीं तर बोलतें करूं नये. झालेली हकीकत एकदां सारी ओकून टाकिली म्हणजे मन मोकळें होतें, असा पुष्कळांचा समज आहे. परंतु जबरीनें वदवून घेतल्यानें घाव भरत नाहीं, उलट चिघळूं शकतो. जागतिक आरोग्य संघटनेनें २०११ सालीं साध्या कार्यकर्त्यांकरितां जी मानसिक प्रथमोपचाराची रीति सांगितली, तिचीं तीनच अंगें आहेत: पाहणें, ऐकणें व जोडून देणें. खोदणें त्यांत नाहीं.

६. काय करूं नये

मारूं नये. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमानें शाळेंत मुलास शारीरिक शिक्षा करणें व त्याचा मानसिक छळ करणें यांस मनाई केली आहे. परंतु आम्ही कायद्यापुरतें सांगत नाहीं. ज्या हातावर मुलानें विसंबावें तोच हात उगारला गेला, तर त्यास जगांत सुरक्षित जागा उरत नाहीं.

त्यास घटनेच्या नांवानें ओळखूं नये. "आत्महत्याग्रस्त कुटुंबांतील विद्यार्थी" असें म्हणून त्यास व्यासपीठावर उभें करणें, हातांत चार वह्या देणें, व त्याचें छायाचित्र काढून गांवभर फिरविणें, हें दान त्या मुलास फार महाग पडतें. वह्या द्यावयाच्या तर त्याच्या आईकडे संध्याकाळीं नेऊन द्याव्या.

मृत बापाविषयीं वाईट बोलूं नये. महाराष्ट्रांत अशा मृत्यूनंतर सरकारी मदत मिळण्यापूर्वीं जमीन कोणाच्या नांवें होती, कर्ज होतें कीं नव्हतें, याची चौकशी होते, आणि प्रकरण 'पात्र' अगर 'अपात्र' ठरतें. हा कागदोपत्रींचा शब्द आहे. पण ओट्यावर बसलेलें मूल तो ऐकतें, आणि त्याच्या कानीं "तुझा बाप अपात्र होता" असा अर्थ पडतो. त्यास असें सांगणारें कोणी तरी हवें कीं, हा शब्द कागदाविषयीं आहे, तुझ्या बापाविषयीं नाहीं. तें माणूस शिक्षकच होऊं शकतो.

७. कोणाशीं जोडून द्यावें

शिक्षक एकटा सर्व करूं शकत नाहीं, व त्यानें तसा अहंकारहि धरूं नये. आईबापांपैकीं एक किंवा दोन्ही गमावलेल्या मुलांकरितां महाराष्ट्र सरकारची बालसंगोपन योजना आहे. तींत मूल घरींच ठेवून दरमहा मदत मिळते. जिल्ह्याच्या महिला व बालविकास अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो. पुष्कळ आया लिहितां येत नाहीं किंवा कागद जमत नाहींत म्हणून मागें राहतात. मृत्यूचा दाखला, शाळेचा दाखला, बँकेचें पुस्तक हे कागद एके रविवारीं बसून जमवून देणें, ही मंडळीस सहज करतां येण्याजोगी सेवा आहे.

मूल महिन्यानंतरहि झोंपत नसेल, खात नसेल, किंवा मरणाच्या गोष्टी बोलत असेल, तर वाट पाहूं नये. मरणाची भाषा थट्टेवारी नेऊं नये; त्यास एकटें सोडूं नये, आणि त्याच दिवशीं आईस व डॉक्टरास कळवावें. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी सेवेचा क्रमांक असून ती १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. तेथें फोनवर मनाच्या दुखण्याविषयीं सल्ला मिळतो. संकटांतील मुलांकरितां १०९८ हा क्रमांक आहे.

मुलानें जर अंगावरील अत्याचाराची गोष्ट सांगितली, तर "कोणाला सांगणार नाहीं" असें वचन देऊं नये. "तूं सांगितलेंस हें बरें केलेंस, तुझा दोष नाहीं, तुला जपण्याकरितां मला योग्य माणसांस सांगावें लागेल," असें म्हणावें. २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणें अशी गोष्ट पोलिसांस कळविणें हें प्रत्येकाचें कर्तव्य आहे, आणि मुलाचें नांव प्रसिद्ध करणें हा गुन्हा आहे. अब्रू झांकण्याकरितां गांवांत बसून आपसांत मिटविणें म्हणजे मुलास पुन्हां त्याच हातीं देणें होय. आरोपी आपल्याच मंडळींतला असला तरी नियम बदलत नाहीं.

८. शिक्षकाचें स्वतःचें मन

रोज दुसऱ्याचें दुःख ऐकणारा मनुष्य आंतून थकतो. आमच्या गांवांतील शिक्षक व उपदेशक पुष्कळदां स्वतःच शेतकऱ्यांचीं मुलें असतात. कोणाच्या घरीं असाच घाला पडून गेलेला असतो. चिडचिड वाढली, झोंप उडाली, शाळेंत पाऊल टाकावेंसें वाटेना, तर ती लाज नव्हे, खूण आहे. आपल्या सोबत्याशीं बोलावें, मुलाचें नांव न सांगतां सल्ला घ्यावा, आणि एक दिवस विसावा घ्यावा. कोरड्या विहिरींतून पाणी निघत नाहीं.

असो. आरंभीं सांगितलेल्या मुलाकडे परत येऊं. त्याचें डोकें पुन्हां केसांनीं भरेल, आणि लोक समजतील कीं दुःख संपलें. शिक्षकानें तसें समजूं नये. पुढल्या वर्षीं तीच तिथि येईल, पोळा येईल, सोयाबीनची काढणी येईल. त्या दिवशीं त्याच्या बाकाजवळून जातांना क्षणभर थांबावें. तो कांहीं बोलणार नाहीं. पण गुरुजींस आठवण आहे, हें त्यास कळेल. आणि तेवढ्यावरहि एखादें मूल शाळेंत टिकतें.

विचार करण्याकरितां प्रश्न

१. आपल्या वर्गांत गेल्या वर्षभरांत कोणत्या मुलाचें वागणें एकाएकीं बदललें? त्याच्या घरीं आपण केव्हां गेलों होतों?
२. आपल्या शाळेचा दिवसाचा क्रम मुलांस आधीं कळतो काय?
३. आपण ज्यास 'शहाणें' म्हणतों त्यांपैकीं कोणतें मूल केवळ गप्प झालेलें आहे?
४. आपल्या गांवांत कोणत्या आईचा बालसंगोपनाचा अर्ज करावयाचा राहिला आहे, व तो या महिन्यांत कोण भरून देईल?